मधल्या बुरुजाचे सात डोळे

आमच्या गावच्या बालेकिल्ल्याचा इतिहास मी एकदा चुकीचा लिहिला. चांगला छापील, वीस पानांचा, मागच्या पानावर माझा फोटो. आता त्याच बालेकिल्ल्याची मोडतोड केली म्हणून माझ्या नावानं नोटीस आली आहे, आणि ती आली त्या दिवसापासून मला फार बरं वाटतंय. शाळेतल्या सहकाऱ्यांना हे काही केल्या समजत नाही. एकानं तर माफीनाम्याचा मसुदाही तयार करून आणला, बिचाऱ्यानं. तो मी वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि परत केला.

गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. चौकशी चालू आहे आणि वकील म्हणतात, मॅडम, जरा दमानं घ्या. एवढंच सांगते की चंद्रपूरहून मूल गावाच्या पुढे, वैनगंगेच्या काठावर आमचं गाव आहे. बांध घातलेल्या धानाच्या बांध्या, एक मोठा तलाव, आणि गाव नि नदी यांच्यामध्ये गोंड राजांनी बांधलेला किल्ला. बाहेरचा तट बराचसा गेला. त्याचे दगड कोणाकोणाच्या ओट्याला लागले आहेत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. उभा आहे तो आतला बालेकिल्ला. गाव त्याला मधला बुरूज म्हणतं. खाली रुंद, वर जरा निमुळता, बाहेरून घडीव दगड आणि आत ठासून भरलेली माती नि गोटे. वर फरसबंद गच्ची. तिथे राजा राहायचा, असं गावात म्हणतात. मला काही ते पटत नाही. चंद्रपूरचा राजवाडा सोडून तो इकडे उन्हात तापलेल्या दगडावर कशाला येऊन बसेल? किल्लेदार राहत असेल फार तर. पण गावाला राजा हवा असतो, तर असू दे.

या बुरुजाला नदीकडच्या अंगानं कमरेच्या उंचीवर सात भोकं आहेत. एका ओळीत, मूठ जाईल एवढी. त्यांना आम्ही डोळे म्हणतो. त्याच बाजूला तटात एक बुटकी वाट आहे, तिथून वाकून आत जावं लागतं. तिला खिडकी म्हणतात. चंद्रपूरच्या परकोटालाही, म्हणजे शहराच्या तटालाही, अशा खिडक्या आहेत, तेव्हा शब्दाचं नवल नाही. बुरुजाच्या पायथ्याशी, तटाला लागून खाली नदीच्या उतारावर आमचा मोहल्ला आहे. बारा घरं. बुरुजाची सावली दुपारनंतर आमच्याच कौलांवर पडते.

आम्ही ढिवर. तलावात आणि नदीत डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, मासे धरायचे, आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोपं लावायची, म्हणजे रोवणं करायचं. मिरगाच्या आठवड्यात, नवं जाळं पाण्यात पडण्याआधी, आमच्या प्रत्येक घरातून एक बाई खिडकीतून आत जाते. हातात लांब बांबू आणि त्याच्या टोकाला फाटक्या जाळ्याची चिंधी बांधलेली. एकेक डोळा पुसायचा. म्हणजे बांबू आत घालून वर्षभराची माती, मुळ्या, पाखरांनी कोंबलेल्या काड्या, कधी एखादा विंचू, असं सगळं ओढून बाहेर काढायचं. मग डोळ्याच्या कडेला हळदीचं बोट लावायचं आणि खाली मूठभर कण्या ठेवायच्या. सात डोळे झाले की त्या घरचं जाळं भिजवायला मोकळं. डोळे पुसल्याशिवाय आमच्यात जाळं भिजत नाही. पुरुषांनी यात हात घालायचा नाही. का, ते कोणालाच सांगता येत नाही, पण काम नको असलं की पुरुषांना परंपरा फार लवकर सापडते.

सांगतात ते असं. बुरूज बांधून झाला तेव्हा राजानं ढिवरांच्या बायांना बोलावलं, खिडकीतून नदीवर जायचा-यायचा हक्क दिला आणि बदल्यात हे काम लावून दिलं. पुढे राजाचं राज्य गेलं, नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, तो गेला, इंग्रज आला, तोही गेला. किल्ल्याची किल्ली या हातातून त्या हातात गेली. बाया मात्र दर मिरगात बांबू घेऊन जातच राहिल्या. कोणी सांगितलं नाही म्हणून थांबल्या नाहीत आणि कोणी विचारलं नाही म्हणून रुसल्या नाहीत. अडचण एवढीच की या सगळ्याचा कागद नाही.

आणि मी पडले कागदवाली. आमच्या मोहल्ल्यातली कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. चंद्रपूरला होस्टेलवर राहून इतिहासात एम.ए. केलं. तिथे माय मला भेटायला आली की सुकवलेले झिंगे घेऊन यायची आणि मी तिला फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसवायची, खोलीवर नेत नसे. मला माझ्या घराच्या वासाची लाज वाटायची. हे असं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून एकदाच लिहिते आणि पुढे जाते.

नोकरी गावातल्याच हायस्कुलात लागली. काही वर्षांनी गावात किल्ला संवर्धन समिती निघाली आणि मराठी बरी लिहिते म्हणून मला सचिव केलं. ती वीस पानं मी तेव्हा लिहिली. राजे, त्यांच्या वंशावळी, चुन्याचं मिश्रण, दगडाची जात, सगळं पुस्तकांतून शोधून घातलं. डोळ्यांवर एक परिच्छेद होता. तो मला तोंडपाठ आहे. नदीकडील भिंतीत सात छिद्रे असून ती टेहळणीसाठी अथवा बंदुकांसाठी असावीत. स्थानिक स्त्रिया अज्ञान व अंधश्रद्धेपोटी या छिद्रांत काठ्या घालतात व त्यामुळे वास्तूस इजा पोहोचते. मातीनं भरलेल्या बुरुजात बंदूक घेऊन शिपाई उभा कुठे राहणार होता, हे मला सुचलं नाही. अभ्यास झाला की अशा साध्या शंका येत नाहीत.

प्रकाशनाच्या दिवशी हेडमास्तरांनी नेमका तोच परिच्छेद माईकवर वाचून दाखवला. माय दुसऱ्या रांगेत बसली होती, लग्नकार्यातलं लुगडं नेसून. घरी आल्यावर ती मासे निवडायला बसली. निवडता निवडता तिनं विचारलं, "स्थानिक स्त्रिया म्हंजे आमी काय?"

मी म्हटलं, हो, पण ते वाईट अर्थानं नाही. ती मान खाली घालून म्हणाली, "त्या बुरुजाले रडू येऊ द्या लागते, बाई. नाई तर फुगते तो."

मी हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. बुरूज रडतो म्हणे. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात दुरुस्तीचं काम मंजूर झालं. बाहेरगावचा ठेकेदार आला. माणूस सज्जन होता, चहा स्वतः पाजायचा, आणि त्याच्या टेबलावर संदर्भ म्हणून माझं पुस्तक असायचं. मला कोण आनंद झाला होता. त्यानं पुस्तक वाचलं आणि त्याबरहुकूम काम केलं. सातही भोकं चुना-सिमेंटनं गच्च बुजवली, वरून भिंत गुळगुळीत केली, खिडकीला लोखंडी दार बसवलं, कुलूप घातलं आणि एक चौकीदार नेमला. कुलपाची दुसरी किल्ली सचिव म्हणून माझ्याकडे आली. मी ती पर्समध्ये ठेवली, घराच्या किल्लीबरोबर.

मिरगात बाया आल्या. बारा घरच्या बारा बाया, बांबू घेऊन. पुढे माय होती. मी दारात उभी राहून त्यांना समजावलं की समितीचा ठराव आहे, आता ही संरक्षित वास्तू आहे, काठ्या घालता येणार नाहीत. फार छान समजावलं. वर्गात समजावते तसं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. माय वळली आणि त्यांना म्हणाली, "मॅडम नाई म्हणून राह्यली. चला."

माझ्या आईनं मला मॅडम म्हटलं. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. पंचायतीत किंवा तहसीलमध्ये गेल्यावर आमच्या बाया समोरच्या माणसाला जे म्हणतात, ते म्हटलं. त्याहून मुस्काटात दिली असती तर चाललं असतं.

त्या वर्षी काही घरांनी भीत भीत जाळी भिजवली. पोटापुढे किती दिवस थांबणार? आमच्या घरचं जाळं मात्र खुंटीवरून निघालं नाही. साठी उलटलेली माझी माय मासे सोडून दुसऱ्यांच्या बांधीत चिखलात उभी राहून रोवणं करत होती. माझा पगार घरात येत होता, त्याला ती हात लावत नव्हती. मी एकदोनदा म्हटलं, हा काय हट्ट? ती म्हणाली, हट्ट नाही, नियम आहे. नियमाची भाषा मीच सुरू केली होती.

श्रावणात एक दिवस मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. मी शिक्षिका म्हणून लागल्यापासून ती माझ्या शाळेत कधी आली नव्हती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, तशीच स्टाफरूमच्या दाराशी उभी. मी धावत गेले, मला वाटलं कोणाला काही झालं. ती म्हणाली, "आठ दिवसांचा पाऊस हाये आन् तो रडून नाई राह्यला. डोंग्यातून पाह्यलं मी. पोट काढलं त्यानं."

तेव्हा पहिल्यांदा मी ते वाक्य नीट ऐकलं. दर पावसाळ्यात नदीकडच्या भिंतीवर सात ओले पट्टे उतरलेले मी लहानपणापासून बघत आले होते. ते पाणी कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गच्चीवर पडलेला पाऊस फरशीतून आत मुरतो, माती भिजते, आणि ते पाणी त्या डोळ्यांवाटे बाहेर पडतं. इतकं सोपं. ते बाहेर पडलं नाही तर माती फुगणार आणि बाहेरचे दगड ढकलणार. आणि त्या दगडांच्या खाली आमची घरं. बंदुका म्हणे!

शाळा सुटल्यावर गावातल्या गवंड्याला घेऊन गेले. त्यानं ओळंबा सोडून पाहिलं. भिंत मधोमध वीतभर पुढे आली होती. त्यानं ओळंबा गुंडाळला आणि म्हणाला, ताई, मोहल्ल्यातल्या पोराबाळांना रात्री शाळेत झोपवा. मी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, पावसाळा संपला की बघू, काळजी करू नका. मी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं, मग स्वतः जाऊन आले. तिथे एका बाबूनं माझंच पुस्तक काढून दाखवलं आणि विचारलं, मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना की काठ्या घातल्यानं इजा होते?

दरम्यान पाऊस चालूच होता. माय रोज संध्याकाळी एकच गोष्ट मागायची, किल्ली. मी म्हणायची, उत्तर येऊ दे, एकदा परवानगी आली की रीतसर उघडू. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असंही म्हटलं. ढिवराच्या बाईला ही म्हण ऐकवणारी मी पहिलीच असेन. तिनं चौथ्या दिवशी किल्ली मागणं सोडून दिलं आणि मला वाटलं, समजली बाई.

पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेच्या प्रार्थनेला उभी असताना चौकीदाराचा फोन आला. माय आणि चार जणींनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून कुलूप तोडलं होतं. चार डोळ्यांवरचं सिमेंट फोडून बांबू आत घातले होते आणि चौथ्याला हात घालेपर्यंत पहिल्यातून पाण्याचा लोट सुरू झाला होता. चौकीदारानं त्यांना तिथेच बसवून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा लालभडक पाणी खिडकीखालच्या पायऱ्यांवरून नदीकडे वाहत होतं आणि पाचही जणी भिंतीला टेकून पान खात बसल्या होत्या.

दुपारी त्या कार्यालयातले साहेब आले. सोबत ठेकेदाराचा माणूस आणि पंचनामा लिहायला एक कारकून. ठेकेदाराचा माणूस सांगत होता की बायांनी भिंत फोडली म्हणून आत पाणी शिरलं. पाणी बाहेर येत होतं आणि तो आत शिरलं म्हणत होता. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं, तक्रार तयारच आहे, सचिव म्हणून तुमची सही लागते, म्हणाले. बायांना काही होणार नाही, समज देऊन सोडून देऊ. उरलेल्या तीन छिद्रांना मात्र अहवाल येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. अहवाल कधी येईल, असं मी विचारलं. दिवाळीपर्यंत, म्हणाले.

मी कागद हातात घेतला. वरती पाच नावं, पहिलं माझ्या आईचं. पुढे, सदर स्थानिक स्त्रियांनी अज्ञान व अंधश्रद्धेपोटी छिद्रांत काठ्या घालून वास्तूस इजा पोहोचवली. माझं वाक्य. स्वल्पविरामासकट माझं. कारकुनानं पुस्तक समोर ठेवून उतरवलं होतं.

मला राग आला. कारकुनाचा नाही, त्याचं काय चुकलं? स्वतःचाही मला तोवर पुष्कळ येऊन गेला होता. त्या घडीला राग आला तो याचा, की इतक्या पिढ्या हा बुरूज ज्यांनी उभा ठेवला त्यांना स्वतःच्या बचावासाठी एक कागद मिळू नये, आणि त्यांच्या विरोधातला एकुलता एक कागद त्यांच्याच पोरीनं लिहून द्यावा. राजाचं नाव आम्हाला पाठ. डोळे पुसणाऱ्या पहिल्या बाईचं नाव कोणाला माहीत आहे? मलाही नाही. बुरूज राजानं बांधला, मान्य. पण बांधून तो निघून गेला. रोजच्या पावसाशी त्याचं राज्य नाही लढलं.

मी कारकुनाकडून पेन घेतलं, ते वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि बाजूला लिहिलं की हे विधान माझं आहे व ते चूक आहे. खाली सही केली. मग मायच्या शेजारी पडलेली सब्बल उचलली आणि पाचव्या डोळ्यापाशी गेले.

साहेब म्हणाले, "मॅडम, नोकरी आहे तुमची. विचार करा."

मी म्हटलं, "पंचनाम्यात चार लिहिलेत ना? सात करा. पुढचे तीन माझ्या नावावर."

आता ही वाक्यं फार बाणेदार वाटतात, पण खरं सांगते, पहिला घाव मी सिमेंट सोडून शेजारच्या दगडावर घातला. सिमेंट तीनचार घावांत निघालं. ठेकेदाराचं काम, आणखी काय. मग बांबू घेतला आणि आत घातला. तो वीतभर गेला आणि अडला. मी जोर लावला, तो हलेना. पुन्हा काढला, पुन्हा घातला. मागे साहेब, कारकून, चौकीदार, मोहल्ल्यातली निम्मी माणसं उभी, आणि इतिहासाची एम.ए. बाई घामाघूम होऊन दगडावर बांबू आपटत होती. आयुष्यात मी एकदाही डोळा पुसला नव्हता. डोळे पुसायचं वय झालं तेव्हा मी होस्टेलवर होते, आणि नंतर मी शिकलेली होते.

माय उठली. तोंडातलं पान थुंकून आली. तिनं माझ्या हातातला बांबू काढून घेतला नाही. माझ्या कोपराला खालून हात लावून तो खाली दाबला.

"सरळ काऊन घालून राह्यली? डोळा बाहेरच्या अंगाले उतरता हाये. खालून वर घाल. आन् ढकलू नको, फिरव."

मी खालून वर घातला आणि फिरवला. आत काहीतरी सुटलं. आधी चिखलाचा गोळा आला, मग मुळ्यांचा झुबका, आणि मग एकदम पाणी, माझ्या साडीवरून, साहेबांच्या बुटांवरून, पायऱ्यांवरून खाली. मोहल्ल्यातलं कोणीतरी हसलं. साहेब दोन पावलं मागे सरकले आणि बुरुजाकडे बघत राहिले. भिंतीतून पाणी येताना त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं असावं.

सहावा जरा लवकर झाला. सातव्याला मायला मागून काही सांगावं लागलं नाही. शेवटचा गोळा निघाला तेव्हा मी बांबू टेकवून श्वास घेत उभी राहिले, तर ती म्हणाली, झालं नाही अजून. पदराची गाठ सोडून तिनं हळदीची पुडी माझ्या तळहातावर ठेवली. कुलूप तोडायला निघतानाच घेऊन आली होती.

कारकून लिहायचा थांबला होता. मी सातही डोळ्यांना हळदीचं बोट लावलं आणि त्याला म्हटलं, हेही लिहून घ्या.